पन्नास टक्के आणि वर एक

भट्टीवाल्याला टक्केवारी कुणी शिकवू नये, असं मी त्या दिवसापर्यंत मानत होतो. तरुणपणी ओआहाका शहरात एका पावभट्टीवर कामाला होतो, तिथल्या म्हाताऱ्या उस्तादाने पहिल्याच दिवशी माझा कान धरून सांगितलं होतं, "पोरा, पीठ म्हणजे शंभर. दूध चाळीस, साखर पंचवीस, चरबी वीस, अंडी तीस. सगळं पिठाला धरून मोजायचं." बेरीज दोनशेच्या वर गेली तरी घाबरायचं नाही. पुढे गावी परत आलो, स्वतःची भट्टी घातली, आणि आजवर माझ्या पावाला कुणी नाव ठेवलं नाही. त्यामुळे मला वाटायचं की शंभर, पन्नास, पाव, निम्मे हा सगळा मामला आपल्या मुठीत आहे.

यंदा गावाने मला सभेचा अध्यक्ष केलं. आमच्याकडे पद मागावं लागत नाही, ते आपणहून मानगुटीवर बसतं. पगार नाही, रजा नाही, आणि नको म्हणायची सोय नाही. गावात राहायचं तर गावाचं करायचं. कधी चौकीदार व्हायचं, कधी पाण्याच्या नळाचं बघायचं, कधी देवळाच्या जत्रेचा खर्च अंगावर घ्यायचा, आणि महिन्यातून एखाद्या रविवारी तेकियोला जायचं, म्हणजे सगळ्यांनी मिळून रस्त्याचं नाहीतर शाळेचं काम फुकट करायचं. जो हे करतो तो गावाचा. जो करत नाही, त्याला मेल्यावर गावाच्या दफनभूमीत जागा नाही. कडक वाटतं, पण आमचं गाव याच्यावरच उभं आहे.

आणि नेमका माझ्याच वर्षी अन्सेल्मो मेला.

हा अन्सेल्मो मिसरूड फुटायच्या वयात उत्तरेला, सरहद्दीपलीकडे गेला. तीसएक वर्षं तिकडेच. पाऊस संपता संपता परत आला तो खोकत, आणि बहिणीच्या, तिबुर्सियाच्या, ओसरीवर खाटेवर पडला. सभेच्या आदल्या दिवशी दुपारी गेला. आता पेटी तयार होती, मेणबत्त्या लागल्या होत्या, आणि सूर्य मावळायच्या आत त्याला मातीआड करायला हवं होतं. पण कुठे? तिबुर्सिया म्हणाली, आईच्या बाजूला. गावात कुजबुज सुरू झाली, की त्याने सेवा कधी केली? मग मी कर्ण्यावरून सभा बोलावली.

सभा भरली नेहमीच्या जागी, शाळेच्या बास्केटबॉलच्या मैदानावरच्या पत्र्याखाली. पायऱ्यांवर लोक, खांबाला टेकून लोक, आणि एका कडेला खोरी-कुदळी घेऊन चार जण बसलेले. ठरलं की लगेच खणायला निघायचं, म्हणून त्यांना तिथेच बसवलं होतं. शाळेच्या ओदिलियाबाई सभेचं कामकाज लिहायला होत्या. त्यांनी साठ घरांची नावं पुकारली. आमच्याकडे घराला एक मत, ते कर्त्या पुरुषाचं. तो गेला तर विधवेचं. "अन्सेल्मोचं घर?" असं बाईंनी सवयीने पुकारलं आणि जीभ चावली. कुणी ओ दिली नाही. दोघीतिघींनी छातीवर क्रूस काढला. हजर निघाले सत्तेचाळीस.

"अन्सेल्मोला दफनभूमीत जागा द्यावी असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा," मी म्हणालो.

मी मोजले, बाईंनी मोजले. चोवीस. मीही त्यात होतो. नको म्हणणारे तेवीस. काठावर का होईना, झालं एकदाचं, म्हणून मी हुश्श केलं. खणणारे उठले, एकाने तर तळहातावर थुंकीसुद्धा टाकली.

"खाली बसा रे," फिदेन्सियोकाका म्हणाला. "चेंचो, काय ठरलं म्हणतोस?"

फिदेन्सियोकाका म्हणजे गावातला सर्वात सरळ माणूस. सरळ माणसाचा त्रास काय असतो ते त्याच्या शेजारी राहिल्याशिवाय कळत नाही.

"काका, चोवीस आणि तेवीस. चोवीस जास्त."

"जास्त कोण हे विचारलंय का नियमात? बाई, वाचा."

नियम ही आमची नवीन हौस. पूर्वी सभेत बोलून बोलून सगळे दमेपर्यंत बोलायचे, आणि शेवटी जो दमायचा नाही त्याचं खरं व्हायचं. मग शहरातला एक वकील आला आणि आम्हाला पुस्तक लिहून देऊन गेला. बाईंनी पान काढलं आणि वाचलं, "पन्नास टक्के अधिक एक इतकी मतं पडल्यास ठराव मंजूर."

"सत्तेचाळीसचे पन्नास टक्के किती?"

"साडेतेवीस," बाई म्हणाल्या.

"हा अर्धा कोण?" माक्लोव्हियो ओरडला. हा गावचा मिस्कील, मयताच्या घरीसुद्धा लोक याच्याजवळ बसायला बघतात. "पुढे ये बाबा, लाजू नको! अर्धा माणूस म्हणजे आमचा जावईच असणार, जेवायला पूर्ण आणि कामाला अर्धा."

हशा झाला. काका हसला नाही. "साडेतेवीस अधिक एक म्हणजे साडेचोवीस. तुम्ही चोवीस. अर्ध्याने पडलात."

"काका, असं नसतं ते," बाई समजुतीने म्हणाल्या. "त्याचा अर्थ एवढाच, की निम्म्याहून जास्त. चोवीस निम्म्याहून जास्तच आहेत."

"अर्थ मला नका सांगू. अधिक एक लिहिलंय की अधिक अर्धा?"

"अधिक एक."

"झालं तर."

बाईंनी आमच्या निम्म्या गावाला पाढे शिकवलेत, पण त्याही पुन्हा पुन्हा तीच ओळ वाचायला लागल्या. वकिलाला फोन लावला तर तो लागेना. मला तर आधी साडेतेवीस, मग साडेचोवीस आणि मध्येच चोवीस असं डोळ्यांपुढे फिरायला लागलं.

"थांबा, थांबा," माक्लोव्हियो उठून उभा राहिला. "एक म्हणजे एक काय? एक माणूस की एक टक्का? टक्क्यांत टक्केच मिळवायचे ना? आंब्यात कुणी कांदे मिळवतं का? पन्नास टक्के अधिक एक टक्का म्हणजे एक्कावन्न टक्के. बाई, सत्तेचाळिसात चोवीस म्हणजे किती टक्के ते काढा."

बाईंनी फोनवर बोटं चालवली. भुवया वर गेल्या. "एक्कावन्न. आणि वर थोडंसं."

मोठा गलका झाला. खणणारे पुन्हा उठले.

"टक्के हात वर करत नाहीत, माणसं करतात," काका म्हणाला. "एक म्हणजे एक माणूस. बसा रे खाली."

ते पुन्हा बसले. त्यातल्या एकाने कुदळ आडवी टाकून तिच्यावरच बैठक मारली.

आता अध्यक्षाने काहीतरी बोलावं असं सगळ्यांच्या तोंडावर दिसत होतं, म्हणून मी माझ्या पद्धतीने हिशेब केला. म्हटलं, पीठ कोणतं ते आधी ठरवा. नको म्हणणारे पीठ धरले, म्हणजे शंभर, तर हो म्हणणारे झाले एकशे चार टक्के. हे मी मनात ठेवायला हवं होतं. मी ते कर्ण्यावर बोललो. एकशे चार टक्के हे ऐकून दोघं रागावले, की घोटाळा चाललाय, एवढे लोक आलेच कुठून? एका आजोबांना वाटलं की एकशे चार जणांचं जेवण आहे. बाईंनी मला पीठ आणि माणसं यांतला फरक समजावून सांगितला तेव्हा माझी उरलीसुरली अक्कलही गेली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

"शंभर कुठले धरायचे हेच चुकतंय तुमचं," खांबाजवळून कुणीतरी म्हणालं. "गावात घरं साठ. साठात चोवीस म्हणजे चाळीस टक्के. चाळीस टक्क्यांत खड्डा होतो का?"

"होतो की," माक्लोव्हियो म्हणाला. "गुडघ्यापर्यंत."

बाईंनी घाईघाईने पुढची ओळ वाचली. "टक्के हजर असलेल्या घरांचे धरावेत. बघा, स्पष्ट लिहिलंय. म्हणजे साठ नाही, सत्तेचाळीसच."

"हजर असलेल्या?" माक्लोव्हियोचे डोळे चमकले. "मग अन्सेल्मो हजर नाही का? तीस वर्षांत पहिल्यांदा तर सापडलाय गावात. आणि आपल्यातला दुसरा कोणी उठून जाईल, तो काही जायचा नाही. धरा त्याला हजर! आपण झालो अठ्ठेचाळीस, निम्मे चोवीस, अधिक एक पंचवीस. आमचे चोवीस आणि त्याचं स्वतःचं एक."

लोक हसायला लागले आणि मध्येच थांबले, कारण बाईंनी बोटांवर मोजून मान हलवली होती. हिशेब बरोबर बसत होता. कुठे अर्धा नाही, पाव नाही.

"मेलेला मत देतो?" काका म्हणाला.

"मतदानाला शहरात देतात म्हणे."

"हे बघ माक्लोव्हियो, तो मत देऊ शकतो म्हणजे तो गावाचा. गावाचा असेल तर मग मत घ्यायचंच कशाला, नेऊन पुरा त्याला. आणि गावाचा नसेल तर त्याचं मत कसलं?"

हे ऐकून माक्लोव्हियोसुद्धा खाली बसला. मी ते दोनदा मनात घोळवून पाहिलं. गावाचा असेल तर मत नको, मत नसेल तर गावाचा नाही, आणि गावाचा ठरवायला मत पाहिजे. डोक्याचा पार भुगा झाला. पत्र्यावर ऊन तापलं होतं, आणि तिकडे ओसरीवर तो माणूस मेणबत्त्यांमध्ये पडून होता, त्याला यातलं काही कळत नव्हतं म्हणून मला त्याचा हेवा वाटला.

मग फिदेन्सियोकाका पहिल्यांदाच हळू आवाजात बोलला. "तुम्हाला वाटतं मी मेलेल्याशी भांडतोय. मी चार पदं केली. माझा धाकटा तापाने फणफणत होता तेव्हा मी चौकीवर होतो, घरी गेलो तोवर तो राहिला नव्हता. तरी दुसऱ्या आठवड्यात तेकियोची हजेरी मीच घेतली. अन्सेल्मोने काय केलं? मोटारीला टेकून काढलेला एक फोटो पाठवला. त्याला माझ्या पोराशेजारी जागा द्यायची, तर मग मी ते सगळं कशाला केलं, एवढं सांगा मला कुणीतरी."

माझा वर गेलेला हातसुद्धा मला जड वाटायला लागला.

तेवढ्यात तिबुर्सिया आली. कमरेला कळकट एप्रन, कोपरापर्यंत मक्याचं पीठ. डोळे रडून लाल होते, पण चाल नेहमीचीच, भराभर. सभेत बायका येतात त्या विधवा म्हणून. ही लग्नच न केलेली, त्यामुळे तिला मी त्या पत्र्याखाली जत्रेशिवाय कधी बघितलं नव्हतं.

"चेंचोदादा, पाव कधी पाठवतोस? आणि मक्याचे तामाले किती जणांचे उकडायला लावू? सूर्य कलला, तिकडे चूल थांबलीये माझी. तुमचं ठरतंय का नाही?"

सगळे आपापल्या चपलांकडे बघायला लागले. अध्यक्ष मी, म्हणून मीच बोललो. "अगं, थोडक्यात अडलंय. अर्धा कमी पडतोय."

"अर्धा काय?"

"अर्धा माणूस."

तिने माझ्याकडे पाहिलं, खोऱ्यांकडे पाहिलं. "मग कापा की एकाला. हत्यारं तर आहेत."

बाईंनी तिला जवळ बसवून नीट सांगितलं. सत्तेचाळीस घरं, चोवीस मतं, साडेतेवीस अधिक एक. ती ऐकत राहिली. तिला ते कळलं असं मला वाटत नाही, मलाही नव्हतं कळलं. तिने एवढंच विचारलं, "आमच्या घराचं नाव पुकारलंत?"

"पुकारलं. कुणी ओ दिली नाही."

"मी मका वाटत होते. दर वेळी देते ना मी ओ."

"ती तेकियोत," काका म्हणाला. "सभेत नाही."

"हो, तेकियोत. दगड उचलायला मी चालते. हात उचलायला चालत नाही होय?" ती उठून उभी राहिली. "काका, हजेरी तुम्हीच घ्यायचात. 'अन्सेल्मोचं घर?' असं तुम्ही विचारायचात आणि 'हजर' असं मी म्हणायचे. शाळेच्या पायऱ्यांना वाळू कुणी वाहिली? तुम्ही बसलाय त्याच पायऱ्या. नळाचा चर खणला तेव्हा माझ्या हाताची सालं गेली होती. तेव्हा तुम्ही एकदा तरी म्हणालात का, की ही बाई आहे, हा अन्सेल्मो नव्हे?"

नळाच्या चरात ती माझ्याच पुढे होती. माझी भाकरी घरी राहिली होती तेव्हा तिने आपल्यातली मोडून मला दिली होती. आणि मघाशी "अन्सेल्मोचं घर" पुकारलं तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे आली ती फक्त बंद पेटी. मला स्वतःची इतकी चीड आली की कर्णा खाली ठेवला.

फिदेन्सियोकाकाने हनुवटी चोळली. "म्हणजे सेवा तुझी झाली. त्याची नाही झाली."

"त्याची नाहीच झाली," तिबुर्सिया म्हणाली. "त्याने एक खडा उचलला नाही. आईच्या आजारपणातही आला नाही. तुम्ही बोललात ते खरंच आहे."

आता ही कोणाच्या बाजूने बोलतेय तेच कुणाला कळेना. माक्लोव्हियोने माझ्याकडे बघून डोळे विस्फारले, मी खांदे उडवले.

"म्हणूनच सांगते," ती म्हणाली, "आईच्या शेजारची जागा त्याची नाही, माझी आहे. मी कमावलीये. माझीच वस्तू मी भावाला देतेय, त्यात तुमचं काय जातं?"

"आणि तू?" ओदिलियाबाईंनी विचारलं. "तुझी वेळ आली की?"

"तेव्हा बसा टक्के काढत."

असं म्हणून तिने हात वर केला. पीठ माखलेला, कोपरापर्यंत पांढरा.

बाईंनी काकाकडे पाहिलं. काकाने एकदा मान हलवली, फार खाली न नेता. मग बाई उभ्या राहून म्हणाल्या, "अन्सेल्मोचं घर..." आणि थांबल्या. "तिबुर्सियाचं घर हजर. एकूण अठ्ठेचाळीस. बाजूने पंचवीस." निम्मे चोवीस आणि वर एक. माणूस धरा नाहीतर टक्का धरा, कसंही बसत होतं. पण या वेळी खणणारे लगेच उठले नाहीत.

"माझा हात खालीच आहे," फिदेन्सियोकाका म्हणाला. "नको म्हणालो ते नकोच. लिहून घ्या." मग तो पायऱ्या उतरला, बसलेल्या माणसाच्या बुडाखालची कुदळ ओढून घेतली आणि दफनभूमीच्या वाटेला लागला. खणणारे त्याच्या मागे धावले.

मी भट्टीवर जाऊन पाव काढले. टोपली डोक्यावर घेऊन दफनभूमीत पोहोचलो तेव्हा काका कमरेपर्यंत खड्ड्यात होता, आणि वर माक्लोव्हियो त्याच्याशी हुज्जत घालत होता.

"काका, अहो, केवढा रुंद खणताय? पेटी एक आहे."

"मला मोजता येतं." काकाने तिबुर्सियाच्या आईच्या कबरीच्या बाजूला कुदळीने एक रेघ ओढली, मग दोन हात पलीकडे दुसरी. "ही आईशेजारची जागा तिबुर्सियाची. ती रिकामीच राहणार. अन्सेल्मोला पलीकडे सरकवा, तिकडे भिंतीला लागून. चेंचो, खण इकडून."

किती टक्के रुंद, असं माक्लोव्हियोनेही विचारलं नाही. मी टोपली गवतावर ठेवली, बाह्या वर केल्या आणि खड्ड्यात उतरलो.